भिंतीपलीकडचा फोन

नाही हो, बिघडलेला नाहीये. तसा काही दोष नाही त्याच्यात. आवाज स्वच्छ आहे, एकदा चार्ज केला की दोन दिवस बघावं लागत नाही, आणि मध्ये एकदा सासऱ्यांच्या हातून बादलीत पडला तरी बंद पडला नाही, बादलीतूनच बातम्या सांगत होता — तुम्ही विकताना म्हणाला होतात, पाण्याला दाद देत नाही म्हणून, मला वाटलं दुकानदार बोलतातच असं, पण खरं निघालं, त्याबद्दल आभार. माझं काम वेगळंच आहे. हा स्पीकर दोन फोनचं ऐकतो. त्यानं एकाच फोनचं ऐकायला पाहिजे, म्हणजे माझ्या. दुसरा फोन त्याच्या डोक्यातून काढून टाकायचा. होतं ना असं? होतं. मला वाटलंच, होत असणार — नाही, थांबा, लगेच बटणाला हात लावू नका, आधी मला नीट सांगू द्या, नाहीतर तुम्ही भलतंच काहीतरी काढून बसाल.

दुसरा फोन कुणाचा? शेजाऱ्यांचा. भिंतीपलीकडचे शेजारी — असतात ना सगळ्यांना, तसे. हे बघा दादा, मीही काउंटरवरच असते दिवसभर, पुढच्या चौकातल्या ड्रायक्लीनिंगमध्ये, त्यामुळे मला तुमची अडचण कळते. लोक डाग घेऊन येतात. डाग दाखवतात, पण कशाचा आहे ते सांगत नाहीत. ‘काहीतरी पडलं.’ आता काय पडलं ते कळल्याशिवाय मी त्याला लावू काय? तेलाला वेगळं, शाईला वेगळं, रक्ताला तर गरम पाणी चुकूनही नाही. मी त्यांना सांगते, लाजू नका, मी काही गावभर सांगत सुटणार नाही, जे असेल ते सरळ सांगा. म्हणून मीही तुम्हाला काही लपवणार नाही. शेजाऱ्यांचा फोन आहे. झालं सांगून.

हा स्पीकर घेतला होता बाबांसाठी — सासरे माझे. त्यांचा जन्म छापखान्यात गेला, मोठ्या यंत्राच्या शेजारी, कान तिथंच राहिले. कानात घालायचं मशीन आणून दिलं तर ते खिशात ठेवतात. म्हणतात, त्यातून चमचे ऐकू येतात, माणसं येत नाहीत. आता डोळ्यांनीही पेपर वाचवत नाही. मग खुर्चीत बसून दिवसभर करायचं काय माणसानं? म्हणून म्हटलं हे घ्यावं — मांडीवर ठेवता येतं, कानाशी धरता येतं, आणि वायर नाही पायात यायला. तुम्ही म्हणालात, लावायला पाच मिनिटं लागतात. तुम्हाला लागत असतील. आम्ही दोघं दुपारभर त्याच्यामागं होतो. ते माहितीपत्रक — ज्यानं लिहिलंय त्याला एकदा माझ्यासमोर आणा — इतकी बारीक अक्षरं, की मी चष्मा लावून खिडकीशी उभी राहून वाचत होते, आणि मोठ्यानं वाचत होते, कारण बटणं आमचे हे दाबत होते. हे लिफ्ट दुरुस्त करतात हो. वीस मजल्यांची बंद पडलेली लिफ्ट एका पान्यानं वर काढतील, पण घरात ओरडून सांगितल्याशिवाय त्यांना काही पोचत नाही. मी वाचलं — निळा दिवा लुकलुकायला लागेपर्यंत दुसरं बटण दाबून धरा. त्यांनी धरलं. स्पीकरच्या आतली बाई इंग्रजीत काहीतरी बोलली. मी वाचलं — आता फोनवर यादी उघडा, यादीत स्पीकरचं नाव दिसेल, त्या नावावर बोट ठेवा. आता फोन कुठाय? स्वयंपाकघरात. मी फोन आणायला गेले, परत येतेय तोवर ती बाई म्हणतेय, जोडलं गेलं. अहो, मी अजून फोनला हात लावलेला नाही. हे म्हणाले, बघ, हल्लीच्या वस्तू आपणहून जोडल्या जातात. आणि तेवढ्यात त्यातून पुरुषाचा आवाज — ‘क्लच दाबा. क्लच. बाई, क्लच म्हणजे डावा पाय.’ आणि बंद.

तर झालं होतं असं की भिंतीपलीकडं कुणीतरी माझं वाचन ऐकत ऐकत, मी सांगेन तसं, तंतोतंत केलं होतं. एवढं लक्ष देऊन माझं बोलणं आमच्या घरात आजवर कुणी ऐकलेलं नाही.

भिंत कसली, प्लायवूड आहे. दोन्हीकडून रंग दिलाय म्हणून भिंत म्हणायचं. पूर्वी एकच मोठा हॉल होता — हो, तेच सांगतेय, शेजाऱ्यांच्यात आणि आमच्यात प्लायवूड कसं, ते बरोबर विचारलंत तुम्ही. आता ते शेजारीच ना? वेगळा दरवाजा, वेगळा मीटर. आणि तसे माझे दीर लागतात. यांचे धाकटे भाऊ. सख्खे.

बघू नका असे. घरोघरी असतं. वाटणी झाली, हॉलच्या मधोमध भिंत घालायची ठरली, तर खिडकी नेमकी मध्ये आली. कुणी म्हणेल, भिंत थोडी सरकवावी. पण मग खिडकी कुणाकडे जाणार? म्हणून भिंत खिडकीच्या मधोमध नेली — एक झडप त्यांची, एक आमची. त्यांनी त्यांची झडप उघडली की आमच्याकडेही वारा येतो. तो आम्ही घेतो, पण त्याबद्दल बोलत नाही. जिना मात्र एकच आहे. हे चढताना ते उतरत असले, तर एकजण थांबून भिंतीवरचे विजेचे मीटर बघत राहतो, दुसरा पुढं गेला की मग हलतो. दहा-अकरा वर्षं दोघं मीटर बघतायत, एव्हाना वीज कंपनीत नोकरी लागली असती. वाटणीत कपाट त्यांच्याकडे गेलं, बाबा आमच्याकडे आले. बाबांना जाऊ नका असं कुणी म्हटलं नाही हं. एकदा ते पलीकडे जाऊन जेवून आले, तर हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, बस्स. आणि मग एकदा भावोजी आमच्या दारापर्यंत आले, बाबांना ताप होता म्हणून, तर यांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून बाबा तिकडं गेले नाहीत आणि ते इकडं आले नाहीत. लग्नही केलं नाही त्यांनी. गाडी चालवायला शिकवतात लोकांना — ते क्लचचं त्यांच्याच शिकवण्याचं रेकॉर्ड होतं, फोनमधलं. एकटेच असतात.

नको, पाणी नको मला. बरं, द्या.

तर पहिल्या दिवशी ते क्लच ऐकू आलं, यांना वाटलं मशीनमध्ये आधीपासून भरलेलं असेल काहीतरी, मलाही तसंच वाटलं. मग मी माझा फोन जोडला, बातम्या लावून दिल्या, बाबा खूश. दुसऱ्या दिवशी मी कामावरून येतेय, चार वाजलेले, बघते तर बाबा खुर्चीत, मांडीवर हा, आणि ह्यातून जुनी गाणी चाललीत. एकही नवं नाही — बाबांच्या छापखान्यात रेडिओ लागायचा ना, त्या वेळची, आणि बाबांना आवडायची तेवढीच निवडून. मी नव्हती लावली. माझा फोन माझ्या पर्समध्ये. हे कामावर. मग लावली कुणी? बाहेरच्या माणसाला बाबांच्या आवडीची गाणी कशी कळणार, सांगा ना? मी भिंतीकडे बघितलं. भिंतीनं काय सांगायचं? मी चहा ठेवला.

मग रोजच. चार वाजता भावोजींची सुट्टी असते मधली, शिकवण्याच्या दोन वेळांमधली. चार वाजले की आतली बाई म्हणते, जोडलं गेलं, आणि सुरू. आणि बाबा — हे तुम्हाला सांगायला नको खरं तर — बाबा चारच्या आधी केस विंचरायला लागले. चार केस आहेत डोक्यावर, पण कंगवा मागून घेतात, खुर्ची भिंतीच्या बाजूला वळवून घेतात. मी म्हटलं, बाबा, कुठं निघालात का? म्हणाले, नाही गं, सहज. कुणाचं आहे ते, कुठून येतं, काही विचारलं नाही मला त्यांनी. त्यांना काय आवाज ओळखू येत नाही? पोराचा आवाज आहे तो. पण मूग गिळून बसायचं म्हटलं तर त्या घरात एकापेक्षा एक आहेत.

हो ना, आवाज — गाण्यांवर थांबलं असतं तर मी तरी कशाला आले असते. पुढं पुढं ते स्वतःच बोलायला लागले. म्हणजे फोनवर रेकॉर्ड करून ठेवतात आणि चार वाजता लावतात. तुम्ही म्हणाल, रेकॉर्ड कशाला, भिंतीशी तोंड नेऊन बोलायचं — पण बाबांना भिंतीतून थोडंच ऐकू येतं? आम्हाला येतं. बाबांना यातूनच येतं. आणि माणूस भिंतीशी तोंड लावून कसा बोलेल, त्यालाही आपलं काहीतरी वाटतच असेल. तर यातून सांगतात, आज एका बाईंना गाडी मागं घ्यायला शिकवली, त्यांनी कुंड्यांवर घातली. आज आपल्या त्या जुन्या छापखान्याच्या रस्त्यानं गेलो, तिथं आता चपलांचं दुकान झालंय. आणि मध्येच विचारतात — ‘बाबा, पायाची सूज उतरली का?’ — आणि थांबतात. रेकॉर्डमध्येच थांबतात, उत्तरापुरती जागा सोडतात. आणि बाबा त्या जागेत उत्तर देतात. ‘उतरली रे. डावा अजून दुखतो.’ मग त्यातून येतं, ‘बरं बरं. काळजी घ्या.’ इतकं बरोबर बसतं की बघणाऱ्याला वाटावं समोरासमोर बसलेत. आणि बाबा ऐकू येत नसल्यामुळं ओरडून बोलतात, तेव्हा पलीकडं सगळं जातच असणार, कारण दुसऱ्या दिवशी त्यातून विचारणं होतं, डाव्या पायाला शेकलं का?

मी कुठं असते म्हणजे? मी नसतेच तिथं. मी त्या वेळेला गच्चीवर कपडे आणायला जाते. आणि योगायोगानं माझ्या फोनचं ते ब्लूटूथ पण चारच्या सुमारास बंद असतं, नाहीतर ह्यानं माझाच फोन धरला असता, त्यांचा लागला नसता. बॅटरी खातं ना ते. म्हणून बंद करते. चारला बंद करते, साडेचारला लावते. कपडे नसले तरी जाते, हो — दिवसभर उभं राहून पाय आखडतात, जिना चढलं की बरं वाटतं. ऐकत नाही मी. दार उघडं राहतं एवढंच. यांना काही सांगितलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, त्यांनी विचारलं नाही.

आणि बोट काढा हो त्या बटणावरून, माझं अजून व्हायचंय.

गेल्या आठवड्यात हे लवकर आले. कुठल्यातरी इमारतीतलं काम लवकर उरकलं, चारलाच दारात. मी गच्चीवरून उतरतेय तर हे दाराच्या आत उभे, खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच, आणि बाबांची यांच्याकडे पाठ. त्यातून चाललंय — दोघं भाऊ लहान असताना बाबांनी त्यांना स्कूटर शिकवली ती गोष्ट. मैदानात नेलं, मोठ्याला पुढं बसवलं, धाकट्याला मागं, आणि बाबा बाजूनं पळतायत, आणि मग ब्रेक कुठला ते कुणालाच आठवेना. ‘आपली ती निळी स्कूटर,’ असं त्यातून आलं. आणि हे एकदम बोलले — ‘हिरवी होती.’

मी जिन्यातच थांबले. मला वाटलं, संपलं, आता हे स्पीकर उचलून फेकणार. पण ते स्वतःच दचकले असावेत. त्यांचं तोंड उघडं ते उघडंच. यातून ते निळ्या स्कूटरचं पुढं चाललेलंच होतं, रेकॉर्डिंग ते, त्याला काय माहीत. बाबांना तर काहीच ऐकू गेलं नाही. आणि मग भिंतीतून — यातून नाही हं, भिंतीतून, अगदी हळू — आलं, ‘हो. हिरवी.’

बस्स. एवढंच. दहा-अकरा वर्षांनी दोन भाऊ बोलले, ते स्कूटरच्या रंगावर.

मग काय होणार? काही नाही झालं. यांनी पिशवी खाली ठेवली, बाथरूममध्ये जाऊन हात धुतले, खूप वेळ धुतले, मला बाहेरून पाण्याचा आवाज येत होता. झोपताना म्हणाले, हे किती दिवस चाललंय? मी म्हटलं, काय? ते म्हणाले, तुला माहितीये काय ते. सकाळी माझ्या डब्याच्या पिशवीत हा आपल्या हातानं ठेवला आणि म्हणाले, दुकानात ने आणि त्याचा फोन काढून टाक यातून. ‘त्याचा’ म्हणाले. इतकी वर्षं ‘पलीकडचा’ म्हणायचे. मी तो दिवस विसरले. दुसऱ्या दिवशी पण विसरले. संध्याकाळी हे विचारायचे, झालं का, मी म्हणायचे, अगंबाई, आणि तोवर बाबांनी चारचा कार्यक्रम ऐकलेला असायचा. पण आज यांची सुट्टी, आज घरी बसून राहणार, म्हणून सकाळीच म्हणाले, आज करूनच ये. बाबा सकाळपासून टेबल चाचपतायत, इथं होता, कुठं गेला. यांनी सांगितलं, दुरुस्तीला दिलाय. बाबा म्हणाले, बरा तर होता.

नाही, वाईट नाहीत हो आमचे हे. तुम्ही तसं समजू नका. आईंवरून आहे ते सगळं, माझ्या सासूबाईंवरून. आजारी होत्या. त्यांना दवाखान्यात जायचं नव्हतं, म्हणायच्या, मला काय व्हायचं ते घरात होऊ दे, आणि यांनी त्यांना शब्द दिला होता. मग एक दिवस हे कामावर, आईंना धाप लागली, आणि भावोजींनी त्यांना उचलून गाडीत घातलं आणि नेलं. त्या परत आल्या नाहीत. हे म्हणतात, मला विचारलं का नाहीस? एक फोन करून विचारायचं होतंस. ते म्हणाले, विचारत बसायला वेळ कुठं होता, आई माझ्या हातात होती. दोघांचंही बरोबर आहे. मी तेव्हाही तेच म्हटलं, दोघांचंही बरोबर आहे, तर दोघंही माझ्यावरच उखडले — तेवढ्यापुरती त्यांची एकी झाली. मग भिंत घातली.

तर आता सांगा, हे बटण दाबलं की नक्की काय काय जातं? सगळंच? म्हणजे एकटा तो फोन काढता नाही येत? माझाही जाणार. म्हणजे पहिल्या दिवसासारखा कोरा. आणि परत जोडायचं असेल तर इकडून कुणीतरी बटण दाबून धरायला लागणार. इकडून कोण धरणार? हे धरणार नाहीत. बाबांना त्यातलं कळत नाही. मी धरायचं म्हटलं, तर ते यांच्या डोळ्यांदेखत, त्यांना विचारून — नाही, विचारून तर नाहीच होणार.

हो, दाबा म्हणायलाच आलेय मी. सकाळपासून मनाची तयारी केलीय. पण तुम्हाला एक विचारू — तुम्ही असं म्हणू शकाल का की अवघड आहे? खोटं बोला म्हणत नाही मी. नुसतं अवघड आहे म्हणा. मी घरी जाऊन सांगेन, दुकानदार अवघड म्हणाले. लिफ्टवाल्या माणसाला अवघड म्हटलेलं समजतं. नाही? सोपं आहे म्हणता. सोप्याला अवघड कसं म्हणू, तेही खरं, तुमच्या दुकानाच्या नावाचा प्रश्न आहे. मलाही कुणी म्हटलं, जाणारा डाग जाणार नाही म्हणून सांगा, तर मी ऐकणार नाही.

मला राग येतो हो दोघांचा. आणि राग तरी किती दिवस करायचा? मला भीती वाटते, खरं सांगायचं तर. बाबांचं वय बघा. हिवाळ्यात छाती भरली तेव्हा रात्रभर मी भिंतीपलीकडे पावलं ऐकत होते, इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि हे कूस बदलून झोपल्याचं सोंग करत होते. बाबा गेले ना, तर हे दोघं जिन्यात मीटरच बघत राहतील जन्मभर. दुसरं काय उरणार आहे त्यांच्यात? आणि हे एवढंसं चाललंय, अर्धा तास, तेही मी माझ्या हातानं पुसून आणायचं — मला नको वाटतं ते. झालं, बोलून टाकलं. तुम्ही काय माझे कोण लागता, पण बोलून टाकलं.

हो, माझ्या मागच्या ताईंना उशीर होतोय, कळतंय मला. ताई, दोनच मिनिटं हं. बरं दादा, दाबा. दाबून टाका. मी तिकडं बघते — थांबा, फोन वाजतोय माझा. थांबा म्हणते ना. यांचाच आहे. झालं का म्हणून विचारणार, दुसरं काय.

हं, बोला. नाही, व्हायचंय अजून, गर्दी आहे इथं — एकच बाई आहे, पण गर्दीच ती. काय? हळू का बोलताय? कुठं, आपल्या दारात? कोण?

भावोजी?

बोट काढा. काढा आधी. — तुम्हाला नाही हो, दुकानदारांना म्हणतेय. तुम्ही सांगा. काय म्हणतायत ते? ‘बाबा बरे आहेत ना.’ एवढंच? मग तुम्ही काय म्हणालात? काहीच नाही? त्यांना दारात उभं करून तुम्ही आत येऊन मला फोन लावलात? आणि पायात चपला नाहीत म्हणजे — अहो, कुठून कळणार त्यांना की मी स्पीकर इथं आणलाय? चार वाजून गेलेत. रोज यादीत नाव येतं, आज आलं नसणार. पुन्हा पुन्हा लावून बघितलं असेल. तुम्ही दोघं गप्प बसलेले, आपल्या घरातून ना आवाज ना चाहूल — काय वाटलं असेल त्यांना? तुम्हाला काय वाटलं असतं?

मला काय विचारता काय करू म्हणून? — नाही, बरे आहेत असं दारातूनच सांगून लावून घेऊ नका. ऐका माझं. ऐका. ते विचारायला आलेत. तुम्हाला विचारायला आलेत ते, कळतंय का? या वेळी विचारायला आलेत. — आत या म्हणवत नाही? मग नका म्हणू. काही बोलू नका. तुम्ही नुसते दारातून बाजूला व्हा.

अहो? ऐकताय ना?

फोन ठेवला नाही त्यांनी. खिशात घातला वाटतं, तसाच चालू. नाही दादा, बोलत नाहीयेत ते, पण ऐकू येतंय — चालल्याचा आवाज. खुर्ची सरकली. कुणी सरकवली कोण जाणे. बाबा ओरडतायत, कोण आहे म्हणून — ते तर रस्त्यावरही ऐकू गेलं असेल — आता परत ओरडतायत. ‘मोठ्यानं बोल, मला काही ऐकू येत नाही.’ म्हणजे भावोजी बोलले काहीतरी. आता हे बोलतायत. यांचा आवाज आहे हा, बाबांच्या कानाशी जाऊन ओरडून सांगतायत — ‘बाबा, तो आलाय.’

काय? बटण? राहू द्या हो ते बटण. तुम्ही त्या ताईंचं बघा आधी.